वाटेत अडलेलं पत्र

इंदूरला पाहुणे आले की मी त्यांना राजवाडा दाखवायला नेते. सात मजल्यांच्या दरवाजासमोर उभं राहून माझं एक वाक्य ठरलेलं असतं, "हा वाडा तीनदा जळलाय." पहिली आग १८०१ सालची. पाहुणे हमखास विचारतात, "इंग्रजांनी लावली का?" मी म्हणते, "नाही हो, आपल्याच माणसांनी."

१८०१च्या ऑक्टोबरात दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे फौज घेऊन इंदुरावर आले. होळकरांची फौज मोडली आणि शहर लुटलं गेलं. त्याआधी जेमतेम तीन महिने, जुलैत, यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पाडाव करून त्या शहरातून जबर पैसा वसूल केला होता. उज्जैन आणि इंदूर यांत अंतर किती? पंचावन्न किलोमीटर. सकाळी निघालं तर महाकालचं दर्शन घेऊन जेवायला घरी परत येता येतं. एकीचं सासर उज्जैनला आणि माहेर इंदूरला, हे आज जसं घरोघरी दिसतं तसं तेव्हाही असणारच.

अशा लढाईला मराठीत फार नेमका शब्द आहे, यादवी. यादव आपसांत लढून संपले, त्यावरून आलेला. आमच्या जैन घरांत हा शब्द जरा वेगळा ऐकू येतो, कारण बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ याच यादव कुळातले, कृष्णाचे चुलतभाऊ. लग्नाच्या वरातीतून त्यांनी रथ मागे फिरवला ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्याच कुळातले बाकीचे मात्र एकमेकांच्या अंगावर धावले. घर एकच आणि वाटा दोन, एवढा अर्थ माझ्या मनात त्या शब्दाला कायमचा चिकटलेला आहे.

होळकरांच्या घरात ही यादवी कशी पेटली ते थोडक्यात सांगते. १७९७च्या ऑगस्टमध्ये तुकोजीराव पुण्यात वारले. मागे चार मुलगे, काशीराव, मल्हारराव, विठोजी आणि यशवंतराव. शिंद्यांनी काशीरावांची बाजू घेतली आणि महिन्याभरात, सप्टेंबरमध्ये, पुण्यातच मल्हाररावांच्या छावणीवर छापा घालून त्यांना मारलं. त्यांचं मूल अजून जन्माला यायचं होतं. ते मूल, खंडेराव, पुढे शिंद्यांच्या कैदेत राहिलं. विठोजींना १८०१च्या एप्रिलमध्ये पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. मग उज्जैन, मग इंदूर, आणि शेवटी २५ ऑक्टोबर १८०२ला, ऐन दिवाळीत, हडपसरची लढाई. तिथे यशवंतरावांनी शिंदे आणि पेशवे दोघांना हरवलं. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला त्यानं वसईचा तह करून इंग्रजांचा आश्रय घेतला. भावांच्या भांडणात घराची किल्ली तिसऱ्याच्या हाती गेली.

हे सगळं वाचताना माझ्यातल्या बाईला एक प्रश्न सतावायचा. हडपसरला उभा असलेला होळकरांचा साधा शिपाई, त्याची आई किंवा बायको माळव्यात. ती कशी राहात असेल? त्याचं काही कळत असेल का? तो काही लिहून पाठवत असेल का? तेव्हा मी पत्रं शोधू लागले.

पत्रांची वाण नाही. मराठ्यांइतकं लिहिणारं राज्य विरळाच. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड काढले. अहिल्याबाईंच्या दरबारातून पेशव्यांच्या वकिलांनी पाठवलेल्या बातम्या 'महेश्वर दरबारची बातमीपत्रे' म्हणून छापल्या गेल्या आहेत. मोडीतली ही पत्रं म्हणजे भरलेला बाजार. पण माझ्या वाचनात आली ती पत्रं सरदारांची, वकिलांची, कारकुनांची, सावकारांची. यशवंतराव स्वतः पेशव्यांना लिहितात आणि इतर मागण्यांबरोबर पुतण्याला, खंडेरावाला, सोडा म्हणून मागणी करतात, ते वाचताना राजकारण बाजूला राहून एक चुलता दिसतो. पण त्याच्या हाताखालचा शिपाईगडी काही दिसेना.

मग हळूहळू कारणं उमगत गेली. एक तर शिपायाला लिहिता येत नसे आणि घरच्यांना वाचता. पत्र लिहायचं म्हणजे कारकुनाला किंवा एखाद्या भटजीला गाठायचं, आणि तिकडे घरच्यांनी वाचायला दुसरा कोणी गाठायचा. दुसरं, पुष्कळांचं बिऱ्हाड फौजेबरोबरच चालायचं. मराठी छावणी म्हणजे चालतं गाव, बायका, पोरं, वाणी, सराफ, सगळं त्यात. पानिपतावर याच कारणानं हजारो बायका अडकल्या. तिसरं, पत्र नेणार कोण? जासूद आणि कासीद धावायचे ते दरबाराचे किंवा पेढ्यांचे. शिपायाचा निरोप बहुधा गावाकडे निघालेल्या माणसाच्या तोंडीच जायचा.

आणि चौथं कारण मला माझ्या माहेरीच सापडलं. माझं माहेर वारणाकाठचं. लहानपणी आमच्या दारात पोस्टमन एखादं कार्ड टाकायचा त्याचा कोपरा फाडलेला असायचा. कोपरा फाटका दिसला की आई मजकूर वाचायच्या आधीच हात कपाळाला लावायची. ते मयताचं पत्र. वाचून झालं की फाडून टाकायचं आणि आंघोळ करायची, असं पत्र घरात ठेवत नसत. बाकीची पत्रं तारेला अडकवलेली असायची, पण तीही दिवाळीच्या साफसफाईत बंबात जायची. म्हणजे बघा, जे पत्र घरी पोहोचलं, वाचून झालं, त्याचं काम संपलं. घर हे काही दफ्तरखाना नाही.

मग टिकतं कुठलं पत्र? जे पोहोचत नाही ते. किंवा वाटेत तिसरा कोणी उघडतो ते.

जानेवारी १७६१ची गोष्ट प्रत्येक मराठी शाळेत सांगतात. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. नर्मदेच्या आसपास त्यांच्या लोकांना एक कासीद भेटला, सावकाराचं पत्र घेऊन दक्षिणेकडे निघालेला. पत्र पेशव्यांच्या नावाचं नव्हतं. तरी ते उघडलं गेलं. आत मोत्यांचा, मोहरांचा आणि खुर्द्याचा हिशेब होता. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार आणि खुर्दा म्हणजे ज्यांची गणतीच नाही असे लोक. ते पत्र सरळ ज्या पेढीवर जायचं तिथं गेलं असतं तर चोपडीत नोंद होऊन विषय संपला असता. वाटेत उघडलं म्हणून ते आपल्या सगळ्यांचं झालं. आणि माझा शिपाई त्यात आहे, पण खुर्द्यात.

राजघराण्याची गोष्ट वेगळी. त्यांचं घर हेच दफ्तर. १७६५ साली मल्हारराव होळकरांनी सुनेला, अहिल्याबाईंना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जा, चार-पाच दिवस मुक्काम कर, मोठ्या तोफा आणि दारूगोळ्याची तजवीज ठेव, वाटेवर चौक्या बसव, अशा अर्थाचं. कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ साली त्यांचा मुलगा खंडेराव मारला गेला, त्यानंतर अकरा वर्षांनी सासऱ्यानं विधवा सुनेला पाठवलेलं हे पत्र. वरवर हुकूमच. पण मुलाला लिहावं ते तो म्हातारा सुनेला लिहितोय. छावणीतून घरच्या माणसाला गेलेलं पत्र म्हणून मी ते वाचते.

पुढची यादवी १८५७ची. तिला काहीही नाव द्या, पण दोन्ही बाजूंना हिंदी शिपाई होते हे खरं. १ जुलैला इंदुरात रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि त्याच रात्री महूच्या छावणीतले शिपाई उठले. महू आमच्यापासून तेवीस किलोमीटरवर. त्या उन्हाळ्यात शिपायांची पत्रं इंग्रजांना फार महत्त्वाची वाटू लागली होती. मे महिन्यात पेशावरला निकल्सननं टपालातली देशी पत्रंच ताब्यात घेतली. ती वाचून त्यांना कळलं की शिपाई आडून आडून काय बोलताहेत. आईला, भावाला लिहिलेली पत्रं पुरावा झाली.

त्या दिवसापासून शिपायाच्या पत्राला एक नवा वाचक मिळाला, तो म्हणजे सरकार. १९१४ साली हिंदी फौज फ्रान्सला गेली तेव्हा त्या वाचकाचं रीतसर ऑफिसच झालं. बुलोनला हिंदी टपालाची तपासणी बसली, सुरुवातीला हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली. पत्रं उघडायची, निवडक मजकुराचा इंग्रजी तर्जुमा करायचा आणि दर आठवड्याला अहवालाला जोडून वर पाठवायचा. आमच्या महूच्या नावाची एक घोडदळाची ब्रिगेडही फ्रान्सला होती. त्या ब्रिगेडमधल्या सेकंड लान्सर्सबरोबर लढणाऱ्या गोविंदसिंग या मारवाडी लान्स दफादारानं १ डिसेंबर १९१७ला तीनदा गोळीबारातून दीड मैल घोडा घालून निरोप पोहोचवले. तीनही वेळा घोडा खाली कोसळला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो एवढ्यासाठी, की निरोप पोहोचला.

शिपायांनाही ठाऊक होतं की पत्र कोणीतरी वाचतंय. म्हणून ते घरच्या भाषेत लपून बोलायचे. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरताहेत, असं कोणी लिहायचा. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. तपासनिसांना ते कळायचं, आणि कळलं म्हणून त्यांनी ते अहवालात उतरवलं. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गावाकडे पोहोचलेली मूळ पत्रं चुलीत गेली. ज्यानं संशयानं वाचलं त्याच्याकडे पत्र राहिलं, ज्यानं मायेनं वाचलं त्याच्याकडे नाही.

अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५च्या यादवीची पत्रं पेट्या भरभरून टिकली, कारण तिथले बहुतेक सैनिक लिहिते होते आणि घरचे वाचते. तरी त्यातलं सगळ्यात गाजलेलं पत्र कुठलं? सलिव्हन बलू या मेजरनं बायकोला लिहिलेलं. लिहिल्यावर आठवड्याभरात तो लढाईत जखमी झाला आणि पुढे वारला. पत्र त्यानं टपालात टाकलंच नव्हतं. ते नंतर त्याच्या सामानात सापडलं.

आता माझ्या आजीची गोष्ट सांगते. हे सगळं मी शोधत बसले ते खरं तर तिच्यामुळे.

दुसऱ्या महायुद्धात आजी नुकती सासरी आलेली, मराठी चौथी पास. गल्लीत वाचता येणारी बाई ती एकटीच. समोरच्या मराठ्यांच्या घरातले दोघे मुलगे पलटणीत होते. थोरला सिंगापुरात, धाकटा मराठा पलटणीत. त्यांची आई पत्र आलं की पदराखाली झाकून आमच्या सोप्यावर येऊन बसायची. आजी तिला मावशी म्हणायची. "वाच गं पोरी, काय म्हंतोय माजा ल्योक?" पत्र आईच्या नावानं असायचं. बायकोचा उल्लेख शेवटी, तोही 'घरातल्यांनी काळजी करू नये' एवढाच. सून दाराआड उभी राहून त्या एका ओळीची वाट बघायची. वर फील्ड पोस्टाचा शिक्का, गावाचं नाव नाही, मधेच एखादी ओळ काळ्या शाईनं खोडलेली.

१५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं आणि थोरल्याची पत्रं बंद झाली. तिथे शरण आलेल्या हिंदी शिपायांतले हजारो जण पुढे आझाद हिंद सेनेत गेले, हे आज आपल्याला माहीत आहे. तेव्हा वर्तमानपत्रांत ते येऊ देत नसत. पण सातारा भागात प्रतिसरकारचे दिवस होते, चोरून रेडिओ ऐकला जायचा, कानोकानी पुष्कळ कळायचं. आजीला कळलं होतं. मावशीला कोणी सांगितलं नव्हतं.

१९४४ साली धाकटा इंफाळच्या बाजूला होता. समोर जपानी, आणि जपान्यांबरोबर आझाद हिंदचे लोक. ते पत्रकं टाकत, ओरडून आपल्या भाषेत हाका मारत. त्या पावसाळ्यात धाकट्याचं एक पत्र आलं. खुशाली होती, भाताची चौकशी होती, बैलाचं औषध होतं. आणि मध्येच एक ओळ. बांधाचं भांडण लागलंय, पलीकडच्या रानात दादा उभा असला तर मी काय करू ते देवाला ठाऊक, अशा अर्थाची.

तपासणाऱ्यानं ती ओळ तशीच सोडली होती. त्याला वाटलं असेल, शेतकऱ्याचा बांध. आजी वाचता वाचता अडखळली. त्या घरात वाटणी झालेली नव्हती, बांधाचं भांडण असणार कुठून? क्षणात तिला सगळं उमगलं. तिनं ती ओळ गाळली आणि बैलाच्या औषधावर गेली. मावशीनं विचारलं, "थांबलीस का गं?" आजी म्हणाली, "अक्षर लागत नव्हतं."

एवढ्यावर भागलं नाही. मावशी पत्र घेऊन गेली तर उद्या शाळेतल्या एखाद्या पोराकडून पुन्हा वाचून घेईल, ही भीती. म्हणून आजीनं "उत्तर लिहायला लागेल, राहू दे माझ्याकडे" म्हणून पत्र ठेवून घेतलं. ते तिनं कधी परत दिलं नाही.

दोघंही भाऊ १९४६ साली परत आले. थोरल्याची नोकरी गेली, थकलेला पगार गेला. धाकट्याला पुढे सरकारी पेन्शन लागली. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना सन्मान पेन्शन सुरू झाली तेव्हा आझाद हिंदवाला म्हणून थोरल्यालाही लागली. एकाच सरकारची, एकमेकांविरुद्ध लढल्याबद्दल दोघांनाही. तारखेला दोघं एकाच सायकलीवरून तालुक्याला जायचे. सिंगापूर आणि इंफाळ या विषयावर त्यांना बोलताना आजीनं कधी ऐकलं नाही.

आजीला मात्र त्या गाळलेल्या ओळीचं ओझं राहिलं. जे खरं बोलल्यानं दुसऱ्यावर संकट येईल ते खरंही बोलू नये, असं आमच्याकडे श्रावकाला सांगितलेलं आहे. ती ते मला म्हणून दाखवायची, पण तेवढ्यानं तिचं समाधान व्हायचं नाही. दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला ती न चुकता समोरच्या घरी जायची, मावशीच्या पायाशी बसून हात जोडायची. कशाबद्दल ते नाही सांगायची. मावशी म्हणायची, "दरसालचंच तुमचं. काय केलंयस गं तू माजं?" आणि चहा ठेवायची. मावशी गेली, पुढे दोघे भाऊ गेले. शेवटच्या आजारपणात आजीनं ते पत्र माझ्या हातात दिलं. त्या घरात आलेली डझनावारी पत्रं केव्हाच नाहीशी झाली होती. राहिलं हे एकच, न पोहोचलेलं.

ते मी लग्नात इंदूरला घेऊन आले आणि वर्षानुवर्षं कपाटात ठेवलं. होळकर-शिंद्यांच्या यादवीतल्या शिपायाचं पत्र शोधत मी खंड चाळत होते, आणि यादवीतलंच एक पत्र माझ्या साड्यांखाली पडून होतं. हे ध्यानात आलं तेव्हा वाटलं, मी तरी कोण? मधेच अडवणारी आणखी एक.

गेल्या वर्षी क्षमावाणीच्या आठवड्यात मी माहेरी गेले आणि समोरच्या घरी ते पत्र घेऊन गेले. धाकट्याचा नातू शेती बघतो. त्यानं ओसरीवर उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाला, "आत्या, हे काय हो? बांधाचं भांडण? आमची वाटणी तर आजोबांनंतर झाली."

तिथे मला गप्प बसता आलं असतं. "असेल काहीतरी" म्हणून उठता आलं असतं. थोरल्याचा नातू शेजारीच ट्रॅक्टर धूत होता. दोघांचं चांगलं चाललंय, कशाला मधे जुनं काढायचं, हेही मनात येऊन गेलं. मग म्हटलं, आजीनं गाळलं ते एका आईसाठी. आता ती आई नाही, ते भाऊही नाहीत. आता गाळलं तर ते फक्त माझ्या सोयीसाठी. मी त्याला बांध म्हणजे काय ते सांगितलं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं चुलतभावाला हाक मारली. त्यानं हात पुसले, पत्र घेतलं, ती ओळ दोनदा वाचली. म्हणाला, "आमच्या आजोबांनी बघितलंच नाही हे."

"नाही," मी म्हटलं. "तुमच्या पणजीनंही नाही."

दोघांनी मोबाईलवर फोटो काढले. मग धाकट्याच्या नातवानं आतून प्लास्टिकची फाईल आणली आणि सात-बाराच्या उताऱ्यांमध्ये ते पत्र नीट घातलं.

मी हात जोडले, आजीच्या वतीनं. चहा ठेवायला वहिनी आत गेल्या.